निवड-नियम अटीसकट शिकवा

पदार्थविज्ञानाच्या बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो, तेव्हा त्याचा ‘एल’ हा क्वांटम अंक बरोबर एकानंच का बदलतो? विद्यार्थी पाठ केलेलं उत्तर देतो: बाहेर पडणाऱ्या फोटॉनचं स्पिन एक असतं, कोनीय संवेग अक्षय राहायला हवा, म्हणून. परीक्षक मान डोलावतात, पूर्ण गुण पडतात. गाइडात हेच, क्लासच्या फळ्यावर हेच, आणि आता व्हिडिओंमधूनही हेच. हे उत्तर चूक आहे. थोडं अपुरं वगैरे नाही, सरळ चूक आहे, आणि ते दाखवायला बी.एस्सी.च्याच अभ्यासक्रमातलं गणित पुरतं.

समजा इलेक्ट्रॉन एका पी-अवस्थेतून खालच्या दुसऱ्या पी-अवस्थेत गेला. एल आधी एक, नंतरही एक. फोटॉननं जाताना एक एकक कोनीय संवेग नेला. एक आणि एक हे दोन कोनीय संवेग मिळवले तर बेरीज शून्य, एक किंवा दोन येऊ शकते, हे आपण त्याच विद्यार्थ्याला मागच्या प्रकरणात शिकवलेलं असतं. बेरजेच्या यादीत ‘एक’ आहे. म्हणजे कोनीय संवेगाची या संक्रमणाला काहीच हरकत नाही. तरीही पी ते पी अशी रेषा नेहमीच्या वर्णपटात दिसत नाही. तिला अडवते ती पॅरिटी, म्हणजे समता: अणुकेंद्राभोवती सगळं आरपार उलटवलं तर तरंगफलाचं चिन्ह बदलतं की तसंच राहतं, हा गुणधर्म. दोन्ही पी-अवस्थांची समता सारखीच असते आणि नेहमीच्या प्रकाश-उत्सर्जनाला ती बदललेली लागते. फोटॉनच्या स्पिनचा इथं काडीचाही संबंध नाही.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू. कॅल्शियमच्या एकपट भारित आयनात एस-अवस्था आणि डी-अवस्था यांच्यामध्ये ७२९ नॅनोमीटरचं एक संक्रमण आहे. एलमधला फरक दोनचा. फोटॉनचं स्पिन एक म्हणून एल दोननं बदलूच शकत नाही, हे खरं असतं, तर ते असायलाच नको होतं. प्रत्यक्षात ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत याच संक्रमणावर लेझर रोखून आयनांचे क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे घटक, चालवले जातात. फोटॉनचं स्पिन एकच असतं, पण तो सोबत नेतो तो एकूण कोनीय संवेग एक, दोन, तीन असा कितीही असू शकतो. फक्त शून्य असू शकत नाही. म्हणजे आपलं लाडकं स्पष्टीकरण जे अडवायला हवं ते सोडून देतं, आणि जे घडतं ते घडणार नाही असं सांगतं. त्याला कुठल्या अर्थानं स्पष्टीकरण म्हणायचं?

ही गफलत जुनी आहे. १९१८ साली पोलिश वैज्ञानिक रुबिनोविच यांनी प्रारणानं नेलेल्या कोनीय संवेगाचा हिशेब मांडून निवड-नियम, म्हणजे कुठली संक्रमणं घडू शकतात हे सांगणारा नियम, काढला. त्यांच्या युक्तिवादातून उत्तर आलं ते शून्य किंवा एकचा फरक. शून्याला बाहेर काढता आलं नाही. त्याच वर्षी नील्स बोर यांनी वेगळ्या वाटेनं, अभिजात कक्षेतल्या कंपनांचा विचार करून, शून्य वगळलं. म्हणजे अक्षय्यतेचा युक्तिवाद एकटा पुरत नाही, हे क्वांटम यांत्रिकीचा आजचा साचा तयार होण्याआधीच दिसलेलं होतं. रुबिनोविच स्वतः पुढं चतुर्ध्रुवी प्रारणाच्या, म्हणजे एल दोननं बदलू देणाऱ्या प्रारणाच्या सिद्धांतावर काम करत राहिले. त्यांनी युक्तिवादाची मर्यादा ओळखली. आपण शंभर वर्षांनंतर तोच युक्तिवाद मर्यादा पुसून शिकवतो.

मग नियम खरा येतो कुठून? एका अंदाजातून. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५०० नॅनोमीटर, अणूचा आकार ०.१ नॅनोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब लाटेपुढं अणू इतका इवला असतो, की अणूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विद्युतक्षेत्र सारखंच आहे असं धरलं तरी चालतं. हाच विद्युत द्विध्रुव अंदाज. एल एकानं बदलतो, समता उलटते, हे सगळं या एका पायरीवरून खाली येतं. पण क्षेत्र अगदी काटेकोर सारखं नसतं. त्यातला फरक धरणारं पुढचं पद पहिल्या पदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकं असतं, आणि संक्रमणाचा वेग पदाच्या वर्गावर ठरतो. हजाराचा वर्ग दहा लाख. वर्णपटशास्त्रात एखाद्या रेषेला ‘निषिद्ध’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं: नेहमीची वाट बंद आहे, आणि उरलेली वाट दहा लाखपट किंवा त्याहूनही सावकाश आहे.

हे सांगायला फळ्यावर दोन ओळी लागतात. तरी ते सांगितलं जात नाही, आणि का नाही असं विचारलं की सहकारी प्राध्यापक ठरलेली उत्तरं देतात. पहिलं उत्तर असं: विद्यार्थ्याला आधी नियम पाठ असू द्या, बारकावे एम.एस्सी.ला कळतील, नेट-सेटला, जॅमला चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, तिथं हे बारकावे गोंधळ वाढवतात. या म्हणण्यामागची तळमळ मला कळते. अभ्यासक्रम मोठा, तास कमी, वर्गात मुलं वेगवेगळ्या तयारीची. पण बी.एस्सी.ला बसलेल्यांपैकी कितीतरी मुलं एम.एस्सी.ला जात नाहीत. ती शाळेत शिकवायला लागतात, क्लास घेतात, आणि अटीविनाच नियम पुढच्या मुलांच्या हाती देतात. शिवाय द्विध्रुव अंदाज हा बारकावा नाही. तो नियमाचा पाया आहे. पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना त्रिकोण काटकोन असल्याचं सांगायला वेळ नव्हता, असं कुणी म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का?

दुसरं उत्तर जास्त ऐकू येतं आणि ते जास्त चुकीचं आहे. निषिद्ध संक्रमणं म्हणे दूरच्या तेजोमेघांत, कुठल्यातरी महागड्या प्रयोगशाळेत घडतात. सामान्य विद्यार्थ्याचा त्यांच्याशी काय संबंध? हे बोलणं बऱ्याचदा ट्यूबलाइटखाली उभं राहून चाललेलं असतं. एलईडी आले तरी अनेक महाविद्यालयांच्या वर्गांत ट्यूबलाइट अजून आहेत. त्या नळीत थोडी पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून निघणारं बहुतांश प्रारण २५३.७ नॅनोमीटरचं, डोळ्यांना न दिसणारं असतं. नळीच्या आतल्या पांढऱ्या लेपावर ते आदळतं आणि लेप उजळतो. आता या २५३.७ च्या रेषेची कुंडली पाहा. वरची अवस्था ट्रिप्लेट, खालची सिंगलेट. इलेक्ट्रॉनांचं एकूण स्पिन एकवरून शून्यावर येतं. आणि एकूण स्पिन बदलता कामा नये, हा निवड-नियम नेमका याच उजेडात फळ्यावर लिहिला जातो. लिहिणाऱ्यानं वर पाहून पारा असा का वागतो हे सांगितलं, तर तो तास मुलांच्या जन्मभर लक्षात राहील.

कारण पारा असा का वागतो, यातच खरं शिक्षण आहे. इलेक्ट्रॉनचं स्पिन आणि त्याची कक्षीय गती एकमेकांपासून अलग आहेत, असं धरलं तरच स्पिनचा नियम काटेकोर ठरतो. हलक्या अणूत हे जवळजवळ खरं असतं. अणुकेंद्रावरचा भार वाढत गेला की दोन्हींची गुंतागुंत वाढते, आणि ‘ट्रिप्लेट’ म्हटलेल्या अवस्थेत सिंगलेटचा अंश मिसळतो. याच जातीच्या ट्रिप्लेट अवस्थेचं आयुष्य कॅल्शियममध्ये सुमारे ४०० मायक्रोसेकंद, स्ट्रॉन्शियममध्ये सुमारे २१ मायक्रोसेकंद, आणि पाऱ्यात ०.१२ मायक्रोसेकंदाच्या आसपास. एकच नियम, तीन मूलद्रव्यं, आणि आयुष्यात तीन हजारपटींहून अधिक फरक. ‘परवानगी आहे की नाही?’ या प्रश्नाला इथं अर्थच उरत नाही. नियम किती घट्ट आहे, हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारला की अणुक्रमांकापासून स्पिन-कक्षा बंधापर्यंत सगळा विषय एका सुतात ओवला जातो.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर हे सगळं बाटल्यांत भरून ठेवलेलं असतं. पोटॅशियम परमँगनेटचं ऑक्झॅलिक आम्लाशी केलेलं टायट्रेशन प्रत्येकानं केलेलं आहे. फ्लास्कमधलं द्रावण गरम करायचं, ब्युरेटमधून जांभळा थेंब सोडायचा. तो पडतो, हलवलं की विरतो, आणि अखेरच्या थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकून राहते. हा शेवटबिंदू इतका स्पष्ट का दिसतो? परमँगनेटचा जांभळा रंग ऑक्सिजनकडून मँगनीजकडे इलेक्ट्रॉन सरकण्यातून येतो, आणि त्या संक्रमणाला नियमांची पूर्ण मुभा आहे. अभिक्रियेनंतर उरतो तो मँगनीजचा द्विभारित आयन. त्याचे पाचही डी-इलेक्ट्रॉन एकाच दिशेचं स्पिन घेऊन बसलेले. त्यांच्यातला एकही डीतून डीत हलायचा तर समतेचा नियमही आड येतो आणि स्पिनचाही. म्हणून त्याचं प्रकाश-शोषण परमँगनेटच्या जवळपास लाखाव्या भागाइतकं, आणि द्रावण पाण्यासारखं दिसतं. पण मँगनीज सल्फेटचे स्फटिक बाटलीतून काढून पांढऱ्या कागदावर ठेवा: फिकट गुलाबी दिसतात. दोन-दोन नियम आड येऊनही संक्रमण शून्य झालेलं नाही, हे त्या गुलाबी छटेत डोळ्यांना दिसतं.

मोरचुदाचंही तसंच. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी जे निळं मोरचूद भिजत घालतात, त्याचा रंग तांब्याच्या डी ते डी संक्रमणाचा आहे. समतेच्या नियमानं, म्हणजे लापोर्ट यांच्या १९२४ च्या नियमानं, ते निषिद्ध. पण तांब्याच्या आयनाभोवतीचे पाण्याचे रेणू सतत थरथरत असतात, त्या थरथरीत भोवतालची सममिती क्षणोक्षणी बिघडते, आणि नियमाला तेवढी फट पडते. एकाच कॉलेजच्या एका मजल्यावर हे संक्रमण ‘होत नाही’ म्हणून गुण द्यायचे आणि दुसऱ्या मजल्यावर त्याचाच रंग पाहून निरीक्षण लिहायचं, हे किती वर्षं चालवायचं?

माणिकाच्या पहिल्या लेझरची १९६० सालची लाल रेषा, समुद्राखालच्या तंतूंतून इंटरनेटचे संदेश पुढं ढकलणाऱ्या एर्बियमचं संक्रमण, ही सगळी याच कुळातली. अणुकेंद्रातही तोच हिशेब चालतो. कर्करोग रुग्णालयांत हाडांच्या स्कॅनसाठी वापरलं जाणारं टेक्नेशियम-९९एम सहा तासांच्या अर्धायुष्यानं टिकतं, कारण त्याच्या वरच्या अवस्थेला खाली यायला तीन एककं कोनीय संवेग नेणारी, अगदी कमी ऊर्जेची अवघड वाट धरावी लागते. ती वाट सोपी असती तर वाशीच्या ‘ब्रिट’ या किरणोत्सारी समस्थानिकं पुरवणाऱ्या सरकारी संस्थेतून निघालेल्या जनरेटरमधून काढलेलं औषध रुग्णाच्या शरीरात पोचेपर्यंत संपून गेलं असतं.

तेजोमेघांचं उदाहरण दूरचं म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी तर त्याची गोष्ट नीट वाचायला हवी. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडं वर्णपटदर्शक लावला, तेव्हा त्यांना ठळक हिरव्या रेषा दिसल्या, ज्या पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी जुळेनात. पुढं ‘नेब्युलियम’ या नव्या मूलद्रव्याचं नाव त्यांना चिकटलं. आवर्तसारणी भरत आली, नेब्युलियमला जागा उरली नाही, तरी रेषा तिथंच. १९२७ मध्ये अमेरिकेत आयरा बोवेन यांनी कोडं सोडवलं: ५००.७ आणि ४९५.९ नॅनोमीटरच्या त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत, आणि संक्रमणं निषिद्ध आहेत. वरच्या अवस्थेत तो आयन सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ थांबतो. आपल्या हवेत एका रेणूला सेकंदाला अब्जावधी टकरा बसतात, त्यामुळं अर्धं मिनिट निवांत थांबणं अशक्यच. प्रकाश सोडण्याआधीच टक्कर त्याची ऊर्जा काढून घेते. तेजोमेघात एका घन सेंटिमीटरमध्ये काही हजार कण, कधी त्याहूनही कमी. तिथं घाई करणारं कुणी नाही.

बोवेन यांनी रेषा घडते की नाही असं विचारलं नाही. आधी काय घडतं, टक्कर की उत्सर्जन, असं विचारलं. अटीसकट नियम शिकलेल्यालाच हा प्रश्न सुचतो. मे २०२४ च्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश दिसला, तो ऑक्सिजनचा ६३० नॅनोमीटरचा निषिद्ध प्रकाश. त्याची अवस्था शंभरेक सेकंद टिकते, म्हणून तो दोनशे किलोमीटरच्या वरच्या विरळ थरांतच फुलतो. रंगावरून उंची सांगता येते ती याच हिशेबानं.

आणि पुणे जिल्ह्यात तर या निषिद्धतेवर अख्खी दुर्बीण काम करते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. त्या ज्या संकेतांसाठी कान टवकारून असतात, त्यांतला एक महत्त्वाचा म्हणजे हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा. इलेक्ट्रॉन एसमधून एसमध्येच राहतो, एल हलतही नाही. फक्त इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या स्पिनांची परस्पर दिशा पालटते. एकट्या अणूला यासाठी सरासरी एक कोटी वर्षांहून अधिक वाट पाहावी लागते. व्हॅन दे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये बसून, ही रेषा दिसू शकेल असं भाकीत केलं. १९५१ मध्ये हार्वर्डला यूएन आणि पर्सेल यांनी ती पकडली. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या वैज्ञानिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर हजारो दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा साठा मोजला. हे संक्रमण ‘होत नाही’ असं मानणाऱ्यानं खोडदच्या तबकड्या कशासाठी बांधल्या ते सांगावं.

आता उलट टोकाला गेलेल्यांविषयी. नियम इतके मोडतात तर ते नियमच नाहीत, विज्ञानाचे कायदेसुद्धा लवचिक असतात, असा निष्कर्ष काही उत्साही लेखक काढतात, आणि त्याला वाट्टेल ते अध्यात्म चिकटवतात. हेही तितकंच खोटं आहे. एकूण कोनीय संवेग शून्य असलेल्या अवस्थेतून शून्याच्याच अवस्थेत एकच फोटॉन सोडून जाता येत नाही, या नियमात कुठलाही अंदाज नाही. शून्य कोनीय संवेगाचा फोटॉनच नसतो. ऑक्सिजन-१६ च्या अणुकेंद्राची पहिली उत्तेजित अवस्था ६.०५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आहे, तिचा कोनीय संवेग शून्य, आणि तळाच्या अवस्थेचाही शून्य. एवढी ऊर्जा हाती असूनही ते केंद्रक एक गॅमा किरण सोडून मोकळं होत नाही. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बाहेर टाकतं. २०१२ मध्ये हिग्ज कण दोन फोटॉनांत विघटित होताना दिसला, तेव्हा त्याचं स्पिन एक नाही हे लगेच ठरलं, कारण स्पिन एकचा कण दोन फोटॉनांत फुटू शकत नाही, हे लांडाऊ आणि यांग यांनी १९४८ ते १९५० च्या काळात सिद्ध केलेलं होतं. हे नियम वाकत नाहीत.

म्हणूनच कुठला नियम कशावर उभा आहे, हे सांगावं लागतं. स्ट्रॉन्शियमच्या घड्याळाचं संक्रमण, ६९८ नॅनोमीटरचं, इलेक्ट्रॉनांच्या हिशेबानं शून्य ते शून्य आहे. मग ते चालतं कसं? स्ट्रॉन्शियम-८७ च्या अणुकेंद्राला स्वतःचं स्पिन आहे, नऊ-द्वितीयांश. एकूण कोनीय संवेग शून्य नाहीच. नियम मोडलेला नाही, तो लावायची राशी वेगळी होती. केंद्रकाला स्पिन नसलेल्या स्ट्रॉन्शियम-८८ मध्ये हेच संक्रमण जागं करायला बाहेरून चुंबकक्षेत्र लावावं लागतं. स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये वरच्या अवस्थेचं आयुष्य शंभर सेकंदांहून अधिक, म्हणून रेषा विलक्षण अरुंद, म्हणून घड्याळ अचूक. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत यटर्बियमच्या आयनावर असंच प्रकाशीय घड्याळ उभारण्याचं काम चालू आहे. त्या आयनात एल तीननं बदलणारं एक संक्रमण आहे, ज्याची वरची अवस्था वर्षाहून अधिक टिकते. घड्याळवाले अशाच संक्रमणांच्या शोधात असतात.

माझी मागणी मोठी नाही. अभ्यासक्रम वाढवू नका, पुस्तक बदलू नका. निवड-नियम लिहिताना शेजारी अट लिहा: विद्युत द्विध्रुव अंदाजात, स्पिन-कक्षा बंध नगण्य असताना, केंद्र-सममिती शाबूत असताना. आणि प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न बदला. हायड्रोजनमध्ये २-एस ते १-एस हे संक्रमण होईल का, असं आज विचारतात आणि ‘निषिद्ध’ या एका शब्दाला गुण देतात. त्याऐवजी विचारा: किती सावकाश, आणि कुठल्या वाटेनं? २-पी अवस्था १.६ नॅनोसेकंदांत रिकामी होते. २-एस सेकंदाच्या सुमारे आठव्या भागापर्यंत थांबते, आणि मग एकाच वेळी दोन फोटॉन सोडून खाली येते. दोन फोटॉनांची ही वाट मारिया ग्योपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात दाखवली. विश्व पावणेचार लाख वर्षांचं असताना इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन जुळून हायड्रोजन तयार झाला, तेव्हा एकेक फोटॉन सोडणारी नेहमीची वाट जवळजवळ तुंबलेली होती, कारण सुटलेला फोटॉन शेजारचा अणू लगेच गिळायचा. अर्ध्याहून अधिक हायड्रोजन या सावकाश, दोन फोटॉनांच्या वाटेनं तळाला पोचला. १९६८ मध्ये पीबल्स यांनी अमेरिकेत, आणि झेल्दोविच, कुर्त व सुन्याएव यांनी रशियात हा हिशेब मांडला. ज्या विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत ‘निषिद्ध’ एवढंच लिहिलं, त्याला यातलं काहीच आपण सांगितलेलं नाही. त्या एका शब्दाला पूर्ण गुण देणं या वर्षीपासून थांबवा.